अमेरिकेच्या प्रायमरीत आपल्या उमेदवारासाठी काम करायचं, तर कधी आणि कसं

महाराष्ट्रात निवडणुकीचं तिकीट पक्ष देतो. मुंबईत नाहीतर दिल्लीत बैठका चालतात, अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी एबी फॉर्म कोणाच्या हाती पडणार यावर पैजा लागतात, आणि ज्याला तो मिळत नाही तो संध्याकाळपर्यंत बंडखोर झालेला असतो. मतदाराला यात कोणी विचारत नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचा एबी फॉर्म मतदारच देतात. वर्षाच्या सुरुवातीपासून जूनपर्यंत एकेका राज्यात पक्षांतर्गत मतदान होतं, तीच प्रायमरी. त्यावरून डेलिगेट, म्हणजे पक्षाचे प्रतिनिधी, ठरतात, आणि उन्हाळ्यातल्या राष्ट्रीय अधिवेशनात ते डेलिगेट उमेदवाराचं नाव पक्कं करतात.

हे पूर्वापार चालत आलेलं नाही. १९६८ साली ह्यूबर्ट हम्फ्री प्रायमरीच्या रिंगणात न उतरताच डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. शिकागोच्या अधिवेशनाबाहेर आंदोलक आणि पोलीस भिडले, पक्षाची देशभर नाचक्की झाली, आणि त्यानंतर नियम बदलले. १९७२ पासून खरी सत्ता प्रायमरीच्या मतदाराकडे आली. रिपब्लिकन पक्षही त्याच वाटेने गेला.

तरीही एडिसन, प्लेन्सबरो, फ्रीमाँट किंवा नेपरव्हिल अशा भारतीय वस्तीच्या गावांतल्या आपल्या गप्पा ऐका. उमेदवारांवर वर्षभर चर्चा रंगते, प्रायमरी कधी येऊन गेली ते कळत नाही, आणि नोव्हेंबरमध्ये समोरची दोन नावं बघून नाक मुरडलं जातं. ती दोन नावं ज्या महिन्यांत ठरली त्या महिन्यांत आपण काय करत होतो? प्रायमरीला मतदान कमी होतं, म्हणून तिथे एकेका माणसाचं वजन जास्त असतं. २०१२च्या आयोवा कॉकसमध्ये (कॉकस म्हणजे ठरल्या वेळी बैठकीला हजर राहून करायचं मतदान) रिपब्लिकन पक्षाची सव्वा लाखाच्या आसपास मतं पडली. त्या रात्री मिट रॉमनी ८ मतांनी पुढे असल्याचं जाहीर झालं, आणि दोन आठवड्यांनी प्रमाणित आकड्यांत रिक सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले. एका मोठ्या अपार्टमेंट संकुलातली माणसं हा फरक उलटवू शकली असती.

पुढचा मजकूर कोणत्याही पक्षाच्या बाजूचा नाही. उमेदवार तुमचा तुम्ही निवडा. काम मात्र वेळेत सुरू करा, कारण प्रायमरीत उत्साहापेक्षा तारखा जास्त माणसं बाद करतात.

पहिलं काम: स्वतःचा दर्जा तपासा

हे कंटाळवाणं वाटेल, पण इथे चूक झाली तर थेट इमिग्रेशनच्या फाइलवर परिणाम होतो.

नागरिक असाल तर सगळं खुलं आहे: मत, देणगी, प्रचार, डेलिगेट होणं.

ग्रीन कार्ड असेल तर देणगी देता येते, प्रचार करता येतो, मत देता येत नाही. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर देणगी पूर्ण बंद. विनामोबदला स्वयंसेवक म्हणून फोन करणं, पत्रकं वाटणं चालतं, पण प्रचाराचा पैसा कुठे खर्च करायचा अशा निर्णयांत भाग घेता येत नाही. मानधन, भत्ता, ‘थोडं पेट्रोलचं घ्या’ असं काहीही स्वीकारू नका. ते कामाच्या परवान्याचं प्रकरण होतं.

देणगीच्या नियमातली एक खोच बहुतेकांना माहीत नसते. प्रचार समितीच्या दुकानातून टोपी, टी-शर्ट किंवा कप विकत घेणं हीसुद्धा कायद्याने देणगीच असते. म्हणजे व्हिसावरच्या भाच्याने हौसेने टोपी मागवली किंवा पुण्यातल्या काकांनी क्रेडिट कार्डावर स्टिकर मागवले, तर तेही परदेशी नागरिकाचं दान ठरतं. टोपी तुम्ही तुमच्या पैशाने घ्या.

नागरिक नसलेल्यांसाठी सगळ्यात मोठा खड्डा आहे तो वाहन परवान्याच्या खिडकीवर. १९९३च्या केंद्रीय कायद्यामुळे परवाना काढताना मतदार नोंदणीचाही प्रश्न विचारला जातो. समोरचा कर्मचारी घाईत असतो, आपण ‘येस, येस’ म्हणत पुढे सरकतो, आणि नकळत नागरिक असल्याच्या खोट्या प्रतिज्ञेवर सही होते. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ‘कधी मतदार म्हणून नोंदणी केली होती का, मत दिलं होतं का’ हे स्पष्ट विचारतात. त्या सहीमुळे नागरिकत्व अडू शकतं, देशाबाहेर जायची वेळही येऊ शकते. तिथे प्रत्येक चौकोन वाचा. आई-वडील नुकतेच ग्रीन कार्डावर आले असतील तर त्यांच्या शेजारी उभे राहा.

आणखी एक गट आपल्यात वाढतोय: अमेरिकेत जन्मलेली किंवा तिथलं नागरिकत्व घेतलेली आणि आता पुण्यात, ठाण्यात राहणारी माणसं. त्यांना फेडरल पोस्टकार्ड अर्ज भरून शेवटच्या अमेरिकी पत्त्याच्या राज्यातून मतपत्रिका मागवता येते. डेमोक्रॅट्स अब्रॉड ही संघटना परदेशस्थांसाठी स्वतंत्र प्रायमरी घेते आणि तिला अधिवेशनात स्वतःचे डेलिगेट असतात. मात्र राष्ट्राध्यक्षपदासाठी एकतर तिच्यात मत द्यायचं किंवा आपल्या राज्यात, दोन्हीकडे नाही.

दुसरं: तुमच्या राज्याचं दार कोणतं

राज्याराज्यांतले नियम इतके वेगळे आहेत की टेक्सासमधल्या मावसभावाचा सल्ला न्यूयॉर्कमध्ये उपयोगाचा नाही.

टेक्सास, व्हर्जिनिया, इलिनॉय, जॉर्जिया, मिशिगन इथे मतदानाच्या वेळी कोणत्या पक्षाची मतपत्रिका हवी ते सांगायचं, की झालं. फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्क ही बंद दारं. पक्षात नोंदणी असेल तरच त्या पक्षाच्या प्रायमरीत मत, आणि ती नोंदणी आधीच झालेली हवी. न्यूयॉर्कमध्ये पक्ष बदलायची शेवटची तारीख १४ फेब्रुवारी आहे. पूर्वी ती आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात असे. एप्रिल २०१६ मध्ये तिथे डोनाल्ड ट्रम्प यांनी प्रायमरी जिंकली, पण त्यांची मुलं इव्हांका आणि एरिक यांना वडिलांना मत देता आलं नाही, कारण त्यांनी रिपब्लिकन नोंदणीची तारीख चुकवली होती. उमेदवाराच्या घरात ही गत, तर कामाच्या आणि मुलांच्या क्लासच्या रगाड्यात आपली तारीख चुकणं सहज शक्य आहे.

न्यू जर्सी अधलीमधली. तुम्ही कोणत्याच पक्षात नसाल तर मतदान केंद्रावर जाऊन पक्ष निवडता येतो. पण एका पक्षात असाल आणि दुसऱ्यात जायचं असेल, तर प्रायमरीच्या ५५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो. प्रायमरी जूनच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे ही तारीख एप्रिलमध्येच निघून जाते. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाच्या सुमाराला हा विषय काढला तर वेळेत होतं.

कॅलिफोर्नियात घोळ वेगळाच. तिथे ‘कोणताही पक्ष नको’ असं नोंदवलेल्या माणसाला टपालाने जी मतपत्रिका येते तिच्यावर राष्ट्राध्यक्षपदाची स्पर्धाच नसते. डेमोक्रॅटिक प्रायमरीत भाग घ्यायचा तर त्यांची मतपत्रिका वेगळी मागून घ्यावी लागते. रिपब्लिकन पक्षाची हवी असेल तर पक्षात नोंदणी लागते. शिवाय तिथे अमेरिकन इंडिपेंडंट पार्टी नावाचा एक खराखुरा उजवा पक्ष आहे. ‘आपण अपक्ष’ अशा समजुतीने अनेक जण त्या चौकोनात खूण करतात आणि वर्षानुवर्षं भलत्याच पक्षात बसून राहतात. आपली नोंदणी राज्याच्या संकेतस्थळावर एकदा उघडून पाहाच.

वॉशिंग्टन राज्यात सगळं मतदान टपालाने होतं, आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रायमरीत पाकिटावर पक्षाची खूण करून सही करावी लागते. खूण राहिली तर मत मोजलं जात नाही.

घरात सतरा वर्षांचं मूल असेल तर तेही तपासा. इलिनॉय, व्हर्जिनिया, मेरीलँडसह काही राज्यांत नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत अठरा पूर्ण होणार असतील, तर प्रायमरीत सतराव्या वर्षीही मत देता येतं. बारावीतल्या मुलाला हे सांगून बघा. आई-वडिलांच्या भाषणापेक्षा या एका माहितीचा परिणाम जास्त होतो.

तिसरं: मत एकीकडे, मेहनत दुसरीकडे

बहुतेक उत्साही लोक इथेच फसतात. तुमचं राज्य उशिरा मत देत असेल, तर तुमची पाळी येईपर्यंत स्पर्धा संपलेली असू शकते. २०२४ मध्ये न्यू जर्सीने ४ जूनला मत दिलं. भारतीय वंशाच्या निकी हेली यांनी ६ मार्चलाच माघार घेतली होती, सुपर ट्यूजडेच्या, म्हणजे अनेक राज्यं एकत्र मत देतात त्या मंगळवारच्या, दुसऱ्या दिवशी. वॉशिंग्टन डीसी आणि व्हरमाँट त्यांनी जिंकलं होतं, पण तेवढ्याने भागलं नाही. विवेक रामस्वामी तर १५ जानेवारीला आयोवाच्या रात्रीच थांबले. कमला हॅरिस यांनी २०२० च्या स्पर्धेतून ३ डिसेंबर २०१९ लाच माघार घेतली, आणि बॉबी जिंदल यांनी नोव्हेंबर २०१५ मध्ये. एकही मत पडायच्या आत. ‘आपल्या’ माणसासाठी जूनमध्ये मत द्यायची वाट बघणारे जर्सीतले भारतीय चारही वेळा उशिराच पोहोचले असते.

म्हणून उशिराच्या राज्यात राहणाऱ्याने मत हे शेवटचं काम समजावं. पैसा आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात, वेळ आदल्या वर्षीच्या शेवटच्या तिमाहीत, आणि तोही सुरुवातीच्या राज्यांवर. आयोवा आणि न्यू हॅम्पशायर ही परंपरेने पहिली. डेमोक्रॅट्सनी २०२४ मध्ये अधिकृत पहिला मान साउथ कॅरोलिनाला दिला. २०२८ साठी हा क्रम पक्षाच्या समित्यांत ठरतो, म्हणून जुन्या यादीवर विसंबू नका. न्यू जर्सीतून न्यू हॅम्पशायर गाडीने एका दिवसात गाठता येतं. फोन तर कुठूनही कुठेही जातो.

डेलिगेटचं गणितही डोक्यात असू द्या. डेमोक्रॅट्सकडे डेलिगेट मतांच्या प्रमाणात वाटतात, पण राज्यात किंवा त्या काँग्रेस (अमेरिकी संसद) मतदारसंघात १५ टक्के मतं मिळाल्याशिवाय काही मिळत नाही. तुमचा उमेदवार एखाद्या ठिकाणी १३ टक्क्यांवर असेल, तर तिथे आणखी शंभर दारं वाजवण्याचा फायदा प्रचंड आहे. ४ टक्क्यांवर असेल तर ती शंभर दारं दुसरीकडे वाजवा. रिपब्लिकन पक्षात मार्चच्या मध्यानंतर बरीच राज्यं पहिल्या क्रमांकाला सगळं देऊन टाकतात. १५ मार्च २०१६ ला ट्रम्प यांनी फ्लोरिडातले सगळे ९९ डेलिगेट उचलले, मार्को रुबिओ यांच्या घरच्या मैदानावर, आणि रुबिओ त्याच रात्री बाहेर पडले.

पैसे द्यायचे तर

२०२५-२६ साठी एका व्यक्तीला एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी जास्तीत जास्त ३,५०० डॉलर देता येतात. प्रायमरी आणि नोव्हेंबरची निवडणूक वेगवेगळ्या मोजतात, म्हणून एकूण ७,०००. पण पन्नास राज्यांच्या प्रायमरी मिळून एकच प्रायमरी धरली जाते. दर दोन वर्षांनी महागाईप्रमाणे हा आकडा बदलतो, तेव्हा पुढच्या फेरीत तो पुन्हा पाहा. रोखीत १०० डॉलरच्या वर नाही. आयकरात सवलत शून्य.

एवढे पैसे द्यावे लागतात असं मात्र नाही. प्रायमरीत पंचवीस डॉलरचंही महत्त्व असतं, कारण टीव्हीवरच्या वादचर्चेत प्रवेश मिळण्यासाठी देणगीदारांची संख्या मोजण्याची प्रथा पडली आहे. डेमोक्रॅट्सनी ती २०१९ मध्ये लावली, रिपब्लिकनांनी २०२३ मध्ये. कमी प्रसिद्ध उमेदवाराच्या बाबतीत घरातल्या चार पात्र माणसांनी स्वतःच्या कार्डावरून स्वतंत्रपणे थोडे थोडे दिले, तर ते एकाच मोठ्या धनादेशापेक्षा उपयोगी पडतं.

‘स्वतःच्या’ हा शब्द कायदा फार गांभीर्याने घेतो. दुसऱ्याच्या नावाने पैसे देणं, किंवा ‘तू दे, मी तुला परत करतो’ म्हणणं हा गुन्हा आहे. मुंबईत जन्मलेले, गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबातले लेखक दिनेश डिसूझा यांनी २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका सिनेट उमेदवारासाठी इतरांच्या नावाने २०,००० डॉलर दिले. २०१४ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल केला. आठ महिने देखरेखीच्या निवासात राहावं लागलं आणि ३०,००० डॉलर दंड झाला. २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना माफी दिली. प्रत्येकाला माफी मिळत नसते. बायको नागरिक आणि नवरा एच-वन-बीवर असेल, तर सामाईक खात्यातून देणगी बायकोने, तिच्या सहीने द्यावी. कंपनीचं कार्ड कधीच वापरू नका.

एका उमेदवाराला दिलेली एकूण रक्कम २०० डॉलरच्या वर गेली की तुमचं नाव, गाव, नोकरी आणि मालक कंपनी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही दिसतं. महाराष्ट्र मंडळातली मंडळी ते शोधतात. तुमचा साहेबही शोधू शकतो. लपवण्यासारखं यात काही नाही, पण माहीत असलेलं बरं.

देणगीच्या पानावर ‘दर महिन्याला’ हा चौकोन कधी कधी आधीच भरलेला असतो. तो नीट बघा. आणि उमेदवाराचा फोटो लावून पैसे मागणारी प्रत्येक संस्था उमेदवाराची नसते. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘पैसे कोण घेतंय’ ते छापणं बंधनकारक आहे. तिथे उमेदवाराच्या अधिकृत समितीचं नाव नसेल तर पान बंद करा. फोनवर येणाऱ्या रडक्या संदेशांतले दुवे तर उघडूच नका, थेट उमेदवाराच्या संकेतस्थळावर जा.

सह्या गोळा करणं

हे काम कोणाला आवडत नाही, म्हणूनच त्यात नव्या माणसाला लगेच जागा मिळते. मतपत्रिकेवर नाव येण्यासाठी अनेक राज्यांत मतदारांच्या सह्या लागतात. २०१२ साठी व्हर्जिनियात १०,००० सह्या हव्या होत्या, त्यातल्या प्रत्येक काँग्रेस मतदारसंघातून किमान ४००. तिथे रिपब्लिकन मतपत्रिकेवर फक्त रॉमनी आणि रॉन पॉल यांची नावं आली. दुसरे एक उमेदवार न्यूट गिंगरिच स्वतः व्हर्जिनियात राहत होते आणि त्यांचं नाव नव्हतं.

सह्यांची मोहीम आदल्या वर्षीच्या शरद ऋतूपासून चालते. दिवाळीच्या आसपास. मतदाराचं नाव-पत्ता नोंदणीशी जुळलं पाहिजे, म्हणून सही घेताना ‘नोंदणी याच पत्त्यावर आहे का?’ हे विचारा. नुकतंच घर बदललेल्या माणसाची सही बाद होते. लागतात त्याच्या दीडपट गोळा करायच्या असं धरून चाला. सह्या गोळा करणारा कोण असावा याचे नियमही राज्यागणिक बदलतात, ते प्रचार कार्यालयातून आधी विचारून घ्या.

दार आणि फोन

१९९८ मध्ये न्यू हेवन शहरात येल विद्यापीठाच्या ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी सुमारे ३०,००० मतदारांवर एक प्रयोग केला. काहींना पत्रकं पाठवली, काहींना व्यावसायिक कॉल सेंटरमधून फोन केले, काहींच्या दारात माणसं पाठवली. मतदान खऱ्या अर्थाने वाढलं ते दार वाजवलेल्या घरांत. पत्रकांचा परिणाम थोडा, त्या फोनचा जवळपास नाहीच. नंतरच्या अभ्यासांनी फोनची बाजू थोडी सावरली, तीही फोन करणारा माणूस पाठ केलेलं न वाचता बोलत असेल तेव्हा. फेसबुकवर वाद घालणं कुठल्याच यादीत नाही.

प्रचार कार्यालय तुम्हाला ॲपवर एक यादी देतं: रस्ता, घर क्रमांक, नाव, वय, आधी कोणत्या प्रायमरीत मत दिलं. कोणाला दिलं ते कुठेच नसतं. तुम्ही जाऊन बोलायचं आणि एक ते पाच असा आकडा भरायचा. बहुतेक ठिकाणी एक म्हणजे पक्का आपला, पाच म्हणजे पक्का विरोधक. नवशिक्यांना वाटतं, पाचवाल्याला पटवणं म्हणजे पराक्रम. तो वेळेचा अपव्यय आहे. दोन आणि तीनवाल्यांशी बोला, एकवाल्याला मतदानाच्या दिवशी बाहेर काढा, पाचवाल्याला ‘थँक यू’ म्हणून निघा.

आकडा खरा भरा. दारातला माणूस हसून बोलला म्हणून ‘एक’ लिहायचा मोह आपल्याला फार होतो, कारण आपल्याकडे तोंडावर नाही म्हणणारा माणूस विरळा. अमेरिकन मध्यमवर्गही यात मागे नाही. ‘नक्की विचार करीन’ म्हणजे तीन. फार तर.

दारात तीस सेकंद मिळतात. नाव सांगा, स्वयंसेवक आहे हे सांगा, आणि लगेच विचारा की या वेळी त्यांना कोणता प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मग ऐका. औषधांच्या किमतीबद्दल बोलणाऱ्या आजीबाईंना परराष्ट्र धोरण सांगू नका. स्वतःच्या आयुष्यातलं एखादं वाक्य जोडा: ‘मी इथे दोन सुटकेस घेऊन आलो, आता माझी मुलगी इथल्या सरकारी शाळेत शिकते.’ उच्चाराची लाज बाळगू नका. पगारी माणूस नाही, शेजारी आलाय, हे त्या उच्चारावरूनच पटतं.

कपड्यांबद्दल. १९६८ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी उतरलेल्या युजीन मॅकार्थी यांच्यासाठी न्यू हॅम्पशायरला गेलेल्या कॉलेजच्या पोरांनी दाढ्या उतरवल्या, केस कापले, आणि मग दारं वाजवली. मॅकार्थींना ४२ टक्के मतं पडली, सत्तेवरचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना ४९. त्याच महिन्यात, ३१ मार्चला, जॉन्सन यांनी पुन्हा न लढण्याची घोषणा केली. आज दाढी चालते, पण बूट मात्र बर्फाचे हवेत. जानेवारीतल्या न्यू हॅम्पशायरची थंडी जर्सीच्या थंडीत मोडत नाही. फोनची बॅटरी तासाभरात मान टाकते, म्हणून पॉवर बँक आतल्या खिशात ठेवा. टपालपेटीत पत्रक टाकू नका, ती फक्त टपाल खात्याची. दाराच्या मुठीला अडकवा.

मराठी माणसाला यादीत मराठी माणूस ओळखू येतो, हा आपला खास फायदा. ‘-कर’वाली आडनावं दिसली की ती यादी स्वतःकडे मागून घ्या. दार उघडणाऱ्या सासूबाई मतदार नसतील, पण ‘आत या, चहा घ्या’ म्हणतील. तिथे तीस सेकंदांचा नियम मोडतो. अशी घरं शेवटी ठेवा, नाहीतर उरलेला रस्ता राहून जातो.

घरी कार्यक्रम, आणि मंडळाला हात नको

ओळखीच्या वीसेक जणांना घरी बोलावून प्रचाराचा एखादा प्रतिनिधी बोलवायचा, बटाटेवडे-चहा ठेवायचा, हे आपल्याला उत्तम जमतं आणि खूप परिणामकारक असतं. स्वतःच्या घरी केलेल्या अशा कार्यक्रमात खाण्यापिण्यावर आणि निमंत्रणांवर एका व्यक्तीने एका उमेदवारासाठी एका निवडणुकीत १,००० डॉलरपर्यंत केलेला खर्च देणगीत धरत नाहीत, जोडप्याला २,०००. बोलावताना ‘देणगी मागितली जाईल’ की ‘फक्त ओळख’ ते आधीच स्पष्ट लिहा. म्हणजे व्हिसावरच्या पाहुण्यांची अवघड परिस्थिती होत नाही.

मंडळाचं मात्र वेगळं. आपली बहुतेक महाराष्ट्र मंडळं करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेली असतात, आणि १९५४ पासूनच्या कायद्याने अशा संस्थेला कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरुद्ध उभं राहता येत नाही. गणेशोत्सवाच्या व्यासपीठावरून एकाच उमेदवाराला श्रीफळ देऊन भाषण करू देणं, मंडळाच्या ईमेल यादीवर प्रचाराचं पत्र पाठवणं, स्मरणिकेत ‘मंडळाचा पाठिंबा’ छापणं: तिन्ही गोष्टी करमुक्तीवर गदा आणू शकतात. पक्षनिरपेक्ष मतदार नोंदणीचं टेबल मांडायला हरकत नाही. सगळ्या उमेदवारांना सारखं निमंत्रण देऊन चर्चा ठेवायलाही नाही. तुम्ही मंडळाचे अध्यक्ष असाल तरी व्यक्ती म्हणून हवा तो प्रचार करा. पद आणि लेटरहेड घरी ठेवा.

डेलिगेट व्हायचं असेल तर

डेलिगेट म्हणजे कोणी मोठा पुढारी लागतो असं नाही. कुठे ते पक्षाच्या मतदारसंघ बैठकांत निवडले जातात, कुठे कॉकसपासून वर चढत जावं लागतं, कुठे त्यांची नावंच मतपत्रिकेवर असतात. अर्ज बहुतेक वेळा प्रायमरीच्या आधीच भरायचा असतो, उमेदवाराच्या समितीची संमती लागते, आणि अधिवेशनाचा प्रवास-हॉटेलचा खर्च स्वतःचा. डेमोक्रॅटिक पक्षात निम्म्या जागा स्त्रियांच्या, आणि आशियाई वंशाच्या लोकांना पुढे आणायचं राज्य शाखांचं उद्दिष्ट असतं, म्हणून अर्ज केलेल्या मराठी बाईला संधी बरी असते. २१ जुलै २०२४ ला जो बायडन यांनी माघार घेतल्यावर पुढचा उमेदवार कमला हॅरिस, हे प्रायमरीच्या मतदारांनी नाही, या डेलिगेटांनी ठरवलं.

मतदानाचा दिवस, आणि त्याआधीचा आठवडा

टपाली मतपत्रिका आली की लगेच भरून टाकायची सवय नोव्हेंबरला चांगली. प्रायमरीत जरा थांबा. २०२० मध्ये सुपर ट्यूजडे ३ मार्चला होता. डेमोक्रॅटिक उमेदवारांपैकी पीट बुटिजेज १ मार्चला आणि एमी क्लोबुचर २ मार्चला बाहेर पडले. कॅलिफोर्नियात ज्यांनी त्यांच्या नावाने मतपत्रिका आधीच पाठवल्या होत्या, त्यांना ती मतं परत घेता आली नाहीत. गर्दीच्या स्पर्धेत मतपत्रिका भरून ठेवा, पण शेवटच्या दोन-तीन दिवसांत अधिकृत पेटीत स्वतः नेऊन टाका. टपालाच्या भरवशावर राहायचं तर आठवडाभर आधी पाठवावी लागते.

केंद्राच्या आसपास, बऱ्याच राज्यांत १०० फुटांच्या आत, प्रचाराला बंदी असते. उमेदवाराचं नाव असलेला टी-शर्ट घरी ठेवा किंवा वर जॅकेट घाला. मतपत्रिकेसोबत सेल्फी काही राज्यांत चालतो, काहींत गुन्हा होतो. काढूच नका.

त्या दिवशी नव्या कोणाला पटवायचं नसतं. यादीतले ‘एक’ आणि ‘दोन’ यांनी मत दिलं का तेवढंच बघायचं, गाडी लागली तर द्यायची. कॉकस असेल तर ठरलेल्या वेळी प्रत्यक्ष हजर राहावं लागतं आणि तास-दोन तास जातात, म्हणून लहान मुलं असलेल्या घरांसाठी सांभाळायची सोय आदल्या आठवड्यातच ठरवा.

उमेदवार बाहेर पडला की

बहुतेकांच्या बाबतीत हेच होणार. दहा-पंधरा जण उतरतात आणि एक उरतो. पहिल्यांदा दरमहाची देणगी थांबवा. माघारीनंतरही कार्डावरून पैसे जात राहू शकतात. नोव्हेंबरच्या निवडणुकीसाठी म्हणून दिलेली रक्कम उमेदवार तिथवर पोहोचलाच नाही तर परत मिळू शकते. समितीला लेखी विचारा. दुसऱ्या उमेदवाराचा फोन दोन दिवसांत येईलच, कारण अनुभवी स्वयंसेवकाला मागणी असते.

तुमची प्रायमरी अजून यायची असेल, तर मतपत्रिकेवर आणखी कोण आहे ते पाहा. न्यू जर्सीत आणि कॅलिफोर्नियात राष्ट्राध्यक्षपदाच्याच दिवशी काँग्रेसची प्रायमरीही असते, आणि ती तोपर्यंत चुरशीची असू शकते. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या काँग्रेस जागेसाठी बरेच जण रिंगणात होते, आणि सुमारे २८ टक्के मतांवर ती प्रायमरी त्यांनी जिंकली. तो मतदारसंघ डेमोक्रॅट्सचा, म्हणजे खासदारकी ऑगस्टच्या प्रायमरीतच ठरली होती, नोव्हेंबर उपचारापुरता.

जर्सीत जूनच्या प्रायमरीत ठरावीक वर्षी आणखी एक छोटं पद निवडलं जातं: काउंटी कमिटीचा सदस्य, आपल्या चार गल्ल्यांच्या मतदान विभागाचा. याच कमिट्यांच्या बळावर वर्षानुवर्षं पक्षाच्या पसंतीच्या उमेदवारांना मतपत्रिकेवर मोक्याची ओळ मिळायची. मार्च २०२४ मध्ये सिनेटसाठी लढणाऱ्या अँडी किम यांच्या खटल्यात फेडरल न्यायाधीशांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीसाठी ती पद्धत थांबवली. ओळ गेली, कमिटी राहिली, आणि अनेक विभागांत तिच्या खुर्च्या रिकाम्याच असतात. त्यासाठी लागणाऱ्या सह्या एका रस्त्यावर मिळतील इतक्याच असतात. अर्ज मार्चच्या अखेरीस, म्युनिसिपल क्लार्ककडे.